सतरावा क्रमांक : मुंबईच्या नगरसभेचे नियम आणि त्यांच्यासाठी झालेल्या लढाया

१/
साल १९०७. मुंबई महापालिकेत ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारमान्य प्रतिष्ठितांच्या वर्गातून सोळा सभासद निवडून द्यावयाचे होते. मतमोजणी झाली, तेव्हा सर फिरोजशहा मेहता सतराव्या क्रमांकावर होते. ज्यांना मुंबईच्या महापालिकेचे शिल्पकार म्हणत, तेच त्या सभागृहाबाहेर फेकले गेले होते. हा पराभव योगायोगाने झालेला नव्हता. आणि मेहता परतले, ते कायद्यातील एका नियमामुळे.

२/
इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि राज्याभिषेक आठवतात. सभेची गणपूर्ती किती, नोटीस कोणी काढावी, मतदारयादी कोणी करावी, बरोबरीची मते पडल्यास काय करावे, हे प्रश्न कारकुनी वाटतात. परंतु आपल्या नळाला पाणी येते की नाही आणि त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे याच नियमांनी ठरविले आहे. या धाग्यात मुंबईच्या नियमांची सुमारे एकशे साठ वर्षांची कथा पाहू.

३/
आरंभ १८६५ पासून करू. त्याआधी शहराचा कारभार तीन आयुक्तांच्या मंडळाकडे होता. ही व्यवस्था १८५८च्या कायद्याने आली होती. तिघांत जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही, हा अनुभव येथेही आला. १८६५च्या कायद्याने दुसरे टोक गाठले. सर्व ‘जस्टिस’ मिळून एक कायदेशीर संस्था झाली, आणि कारभाराची संपूर्ण सत्ता सरकारने नेमलेल्या एकाच महापालिका आयुक्ताकडे गेली. पहिले आयुक्त होते आर्थर क्रॉफर्ड.

४/
क्रॉफर्ड कर्तबगार होते, यात शंका नाही. रस्ते, गटारे, सफाई आणि आजही ज्यास लोक क्रॉफर्ड मार्केट म्हणतात ती मंडई ही त्या काळातील कामे. मात्र कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ मध्येच फुटला होता, शहर आर्थिक विवंचनेत होते, आणि आयुक्तांचा खर्च मंजुरीच्या पुढे धावत होता. आधी काम, मग मंजुरी, असा क्रम पडला. हिशेब विचारण्याचा अधिकार जस्टिसांना होता. परंतु त्यांची सभा मोठी, विस्कळीत आणि कोणाच्याही मतांवर न निवडलेली. तिला अधिकार होता, पण त्या अधिकाराच्या मागे उभे राहणारे कोणी नव्हते.

५/
१८७१ मध्ये करदात्यांचा संयम सुटला. जेम्स फोर्ब्स यांनी जस्टिसांच्या सभेत आयुक्तांच्या कारभाराविरुद्ध आघाडी उघडली. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी मंडळी सुधारणेच्या मागणीत पुढे होती. लोकमताचा सूर असा, की एका माणसाच्या हाती सत्ता दिली म्हणून हे झाले. तेव्हा सत्ता काढून घ्या आणि ती समितीकडे सोपवा.

६/
त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एका तरुण बॅरिस्टराने निबंध वाचला. वय अवघे सव्वीस. नाव फिरोजशहा मेहता. त्यांचे प्रतिपादन श्रोत्यांच्या अगदी विरुद्ध होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोष एका अधिकाऱ्याकडे सत्ता असण्यात नाही, त्या अधिकाऱ्यावर देखरेख करणारी सभा कोणीच निवडलेली नाही, यात आहे. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्या. मात्र त्याला प्रश्न विचारणारी आणि पैशाची किल्ली हाती ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असू द्या.

७/
सभेला ते रुचले नाही. क्रॉफर्डची बाजू घेणारा म्हणून मेहतांविरुद्ध गोंगाट झाला. पण त्या निबंधातील भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. काम करणारा हात एक असावा आणि हिशेब घेणारे डोळे अनेक असावेत. हात आणि डोळे एकाच देहाचे असतील, तर हिशेब होत नाही.

८/
१८७२च्या कायद्याने बऱ्याच अंशी हीच वाट धरली. चौसष्ट सभासदांची महापालिका अस्तित्वात आली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे. पैशाच्या व्यवहारावर लक्ष ठेवण्यासाठी बारा जणांचे ‘टाउन कौन्सिल’ नेमण्यात आले. त्यातील आठ महापालिकेने निवडलेले आणि चार सरकारने नेमलेले, अध्यक्ष मात्र सरकारच्या पसंतीचा. १८७३ मध्ये पहिली निवडणूक झाली.

९/
मत कोणाला होते? वर्षाला किमान पन्नास रुपये पालिकेचा कर भरणाऱ्याला. १८७२च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली होती. तीतील मूठभरांनाच मतपेटीपर्यंत पोहोचता आले. गिरणगावात घाम गाळणारा, चाळीच्या खोलीचे भाडे भरणारा माणूस या शहराचा नागरिक मानला जात नव्हता. ‘लोकनियुक्त’ हा शब्द त्या काळच्या कागदात वाचताना ही मर्यादा विसरता कामा नये.

१०/
क्षणभर पुण्याकडे वळू. १८५०च्या सव्विसाव्या कायद्याखाली पुण्याची नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली होती. तिचे सभासद सरकार नेमीत असे. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले त्या सभेत होते. गव्हर्नर जनरलच्या पुणेभेटीनिमित्त स्वागतावर एक हजार रुपये खर्चावेत, असा ठराव सभेपुढे आला, तेव्हा फुल्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, ही त्यांची भूमिका होती. विरोधात पडलेले मत त्यांचे एकट्याचेच होते. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्याच पाहुण्याच्या स्वागतखर्चास विरोध करावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ठराव अडला नाही. पण सभेत मत मांडण्याचा आणि मत देण्याचा नियम होता, म्हणूनच त्या एका मताला इतिहासात जागा मिळाली.

११/
१८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्यासंबंधीचा प्रसिद्ध ठराव प्रसृत केला. स्थानिक मंडळांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे आणि शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, हे त्याचे सूत्र. कारभार लगेच सुधारेल, अशी रिपनची अपेक्षा नव्हती. या संस्था म्हणजे राजकीय शिक्षणाचे साधन आहेत, असे त्यांना वाटत होते. मुंबई इलाख्यात १८८४च्या कायद्यांनी या धोरणास रूप मिळाले. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष झाले. कायदेमंडळात अंदाजपत्रकाची चिरफाड करणारे गोखले गटारांच्या आणि पाण्याच्या ठरावांशीही परिचित होते, ते असे.

१२/
आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा कागद : १८८८चा मुंबई महापालिका कायदा. मसुदा आला, तेव्हा त्यात सभेचे अधिकार आवळण्याचा आणि सरकारचा हात बळकट करण्याचा कल होता. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही त्या वेळी मुंबईच्या कायदेमंडळात होते. मेहतांनी कलमाकलमावर झुंज दिली. जो कायदा अखेर झाला, तो अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. मुंबईचा कारभार त्याच चौकटीत चालतो.

१३/
त्या कायद्याची रचना पाहा. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी प्राधिकरणे वेगवेगळी. सभासद ७२ : प्रभागांतून ३६, जस्टिसांकडून १६, विद्यापीठाच्या फेलोंकडून २, व्यापारी मंडळाकडून (चेंबर ऑफ कॉमर्स) २ आणि सरकारनियुक्त १६. अंमलबजावणीची सत्ता आयुक्ताकडे. अंदाजपत्रक मात्र आयुक्ताने स्थायी समितीपुढे आणि समितीने सभेपुढे न्यावयाचे. स्थायी समितीतील निम्मे सभासद दरवर्षी निवृत्त व्हावयाचे. पहिल्या वर्षी कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. पैशाच्या खोलीत कोणीही कायम मुक्काम करू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे.

१४/
आणि आयुक्त? त्याची नेमणूक सरकार करते. मग सभेच्या हाती काय उरले? एक आकडा. सभासदांच्या एकूण संख्येपैकी किमान पाच-अष्टमांश जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, तर आयुक्तास परत बोलाविणे सरकारवर बंधनकारक. बाहत्तरांच्या सभेत ही संख्या ४५ भरते. साधे बहुमत ठेवले असते, तर प्रत्येक वादात आयुक्ताची खुर्ची डळमळली असती. मार्गच ठेवला नसता, तर पुन्हा १८६५ अवतरले असते. पाच-अष्टमांश हा त्या दोन भीतींमधील तह आहे.

१५/
याच कायद्याचे छत्तिसावे कलम सभेच्या कामकाजाविषयी आहे. नीरस दिसते; पण सावकाश वाचा. दरमहा किमान एक सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे, म्हणजे कोणालाही वर्षभर मौन पाळून कारभार करता येणार नाही. एक-चतुर्थांश सभासद हजर नसल्याचे निदर्शनास आले, तर सभा तहकूब करावी लागेल, म्हणजे चार मित्र जमवून ठराव उरकता येणार नाहीत. निर्णय बहुमताने, आणि मते समसमान पडल्यास अध्यक्षाला निर्णायक मत. सभा जनतेस खुली. बंद दाराआड चर्चा करावयाची, तर तसे उपस्थितांच्या बहुमताने ठरवावे लागेल. प्रत्येक अट कोणत्या ना कोणत्या लबाडीची वाट अडविते.

१६/
नियम दुधारी असतात, हेही सांगितले पाहिजे. गणपूर्तीची अट दांडगाईस रोखते, तशी ती अल्पसंख्यांच्या हाती अडवणुकीचे शस्त्रही देते : उठून बाहेर जा, सभा आपोआप बंद. सभातहकुबीची सूचना हे निषेधाचे साधन आहे आणि अडचणीचा विषय टाळण्याचेही. नियम चांगली माणसे निर्माण करीत नाहीत. वाईट हेतूला उजेडात यावयास लावणे, एवढे त्यांचे काम; पुढचे काम बघणाऱ्यांचे.

१७/
आता परत १९०७कडे. मेहतांचे सभागृहातील वजन सरकारी वर्तुळास खुपत होते. अकाउंटंट जनरल हॅरिसन, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर आणि काही वरिष्ठ अधिकारी यांनी मिळून जस्टिसांच्या निवडणुकीत आपल्या पसंतीची यादी चालविली. या गटाला ‘कॉकस’ हे नाव पडले. मतदार थोडे, त्यांत सरकारशी बांधलेले अनेक. मेहता सतरावे आले. नियम कोठेही मोडला गेला नव्हता. मतदारसंघच असा होता, की अधिकाऱ्यांच्या शब्दाला तेथे वजन होते.

१८/
परंतु कायद्यात उमेदवाराच्या पात्रतेच्याही अटी होत्या. महापालिकेशी कंत्राटाचा हितसंबंध असलेला माणूस सभासद होऊ शकत नाही, ही त्यांपैकी एक. आणि निवडणुकीविषयीची तक्रार सरकारकडे किंवा आयुक्ताकडे जात नसे. ती लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशापुढे जात असे. विजयी सोळांपैकी एका उमेदवाराची निवड अपात्रतेमुळे टिकली नाही, आणि सतरावे मेहता सभागृहात आले. १८८८ मध्ये ज्या कायद्यासाठी ते झगडले होते, त्याच कायद्याने त्यांना आत घेतले.

१९/
एक गोष्ट मात्र तशीच राहिली. निवडणुकीची यादी तयार करणे आणि निवडणूक पार पाडणे हे काम आयुक्ताच्या यंत्रणेकडे होते. ज्याच्यावर देखरेख करावयाची, त्यानेच देखरेख करणाऱ्यांची निवडणूक घ्यावयाची. न्यायालयात दाद मागता येई, पण ती नंतर. ही गाठ सुटावयास आणखी बराच काळ जावा लागला.

२०/
दरम्यान मताचे दार हळूहळू उघडत होते. १९२२च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यास मत मिळाले. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात पोहोचल्या. १९३१ पासून अध्यक्षाला ‘महापौर’ म्हणू लागले. १९४८ मध्ये प्रौढ मतदानाच्या पायावर महापालिकेची निवडणूक झाली. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ची. म्हणजे प्रत्येक प्रौढास एक मत हा अनुभव मुंबईकराने लोकसभेच्या आधी आपल्या महापालिकेत घेतला.

२१/
स्वतंत्र भारताने निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन केला. पण राज्यघटनेच्या ३२४व्या अनुच्छेदाचा आवाका संसद, विधिमंडळे आणि राष्ट्रपती-उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांपुरता होता. नगरपालिका त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. राज्य सरकारांना सोयीचे नसेल तेव्हा निवडणूक लांबत असे, सभा बरखास्त होत असे, प्रशासक बसत असे. मुंबईतही १९८४-८५ मध्ये प्रशासक होता.

२२/
या दुखण्यावर औषध म्हणून ७४वी घटनादुरुस्ती आली. ती १ जून १९९३ पासून अमलात आली. अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, ‘अधिक नाही’. आणि पुढील निवडणूक मुदत संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. मतदारयाद्या आणि निवडणुकीचे संचालन राज्य निवडणूक आयोगाकडे. महाराष्ट्राचा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. आयुक्ताची निवडणूक-यंत्रणेवरील एकशे सहा वर्षांची मालकी तेथे संपली. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पाच वर्षांची ही मर्यादा आयोगाने पाळावयाचीच आहे.

२३/
नियम किती बारकाव्यापर्यंत जातो, याचे एक उदाहरण. २०१७च्या निवडणुकीत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. निकाल चिठ्ठी काढून लागला. हसू येते, पण दुसरा मार्ग कोणता? फेरमतदानाचा खर्च, की कोणा अधिकाऱ्याची मर्जी? जेथे मतांनी उत्तर दिले नाही, तेथे चिठ्ठीने द्यावे, मर्जीने नव्हे, हा त्या नियमाचा अर्थ.

२४/
आणि तरीही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नव्हती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या तीन कसोट्या, प्रभागरचनेचा वाद, प्रभाग २२७ असावेत की २३६ हा घोळ, हे सारे एकमेकांत गुंतले. त्याच महिन्यात प्रभागरचनेचा अधिकार राज्याने कायदा बदलून आयोगाकडून स्वतःकडे घेतला. आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक प्रशासनानेच मांडावयाचे, प्रशासकानेच मंजूर करावयाचे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांची प्रक्रिया मार्गी लावण्याचा आदेश दिला. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये.

२५/
आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता, न्यायालयीन प्रक्रियाही खोटी नव्हती. आणि आजचा प्रशासक म्हणजे क्रॉफर्ड, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल; माहितीचा अधिकार १८६५ मध्ये नव्हता. परंतु सव्वीस वर्षांच्या त्या बॅरिस्टराने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये ज्याकडे बोट दाखविले होते, ती रचना जवळजवळ चार वर्षे मुंबईने पुन्हा अनुभवली : हात होता, डोळे नव्हते. आपल्या प्रभागातील गटाराबद्दल नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडावे, तर ते दारच नव्हते.

२६/
तेव्हा पुढच्या वेळी ‘प्रभागरचनेच्या प्रारूपावर हरकती मागविल्या’ किंवा ‘मतदारयादीवर सूचना मागविल्या’ अशी चार ओळींची बातमी दिसली, तर पान उलटू नका. हरकत नोंदविण्यास वकील लागत नाही. कागद आणि मुदतीच्या आत पोहोचणे पुरेसे असते. महापालिकेची सभा जनतेस खुली आहे. एकदा जाऊन बसा. गणपूर्ती मोजा.

आपल्या गावच्या नगरपालिकेची स्थापना कोणत्या साली, कोणत्या कायद्याखाली झाली, आणि तिचा पहिला लोकनियुक्त अध्यक्ष कोण, हे शोधून या धाग्याखाली अवश्य लिहा. धागा समाप्त.